नेत्याला जाब विचारायचा म्हणजे नेमकं काय करायचं? का "सगळे सारखेच" म्हणून गप बसायचं?

जांबोटीकडचा:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नोकरी बेळगावात उद्यमबागला, रोज ये-जा. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत मागच्या विधानसभेच्या आधी सिमेंटचा रस्ता झाला. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू. मग घरोघर नळाच्या जलजीवन योजनेची पाइपलाइन आली, रस्ता मधोमध कापला, पाइप टाकली, वर माती लोटली आणि कंत्राटदार गेला तो गेलाच. आता पावसात ती चर भरते, कुठं खोल कुठं उथळ कळत नाही, गाडीचं पुढचं चाक बरोबर तिथंच जातंय. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो नळ दारात उभा आहे, काँक्रीटच्या बुटक्या खांबाला बांधलेला, तोटी फिरवली की फुस्स करून वारं येतं. शेजारच्या आजी त्या खांबाला आता रेडकू बांधतात, निदान काहीतरी उपयोग.

हे कुणाला विचारायचं? पंचायत सदस्य म्हणतो ते काम आमचं नाही. आमदारांचा माणूस म्हणतो साहेबांच्या कानावर घातलंय. देवळाच्या कट्ट्यावर विषय काढला तर सगळे हसतात, सगळेच चोर, कुणाला सांगतोस, आणि काय रे तू आता इलेक्शनला उभा राहणार काय. एक मामा तर म्हणाले आधी सीमाप्रश्न सुटू दे मग बघ रस्ते कसे गुळगुळीत होतात. लहान असल्यापासून ऐकतोय हे. मुंबईचे पुढारी येतात, आम्ही तुमच्या पाठीशी खंबीर उभे आहोत म्हणतात आणि जेवायला कोल्हापूर गाठतात. बेंगळूरचे डिसेंबरात अधिवेशनाला येतात, सुवर्णसौधच्या रस्त्याला गाड्यांचा ताफा, की गेले. मधल्या मधे आम्ही.

तर मला विचारायचंय ते असं की जाब विचारणं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं असतं? निवेदन द्यायचं, देताना फोटो काढायचा आणि तो पेपरात आला की झालं, हे सोडून. आणि सगळं गाव गप असताना एकट्यानं केलं तर उपयोग होतो काय? ज्यांनी काही केलंय त्यांनीच सांगा, भाषण नको.

शहापूरचा वैतागलेला:

भावा सोड. तुझा वेळ जाईल, पेट्रोल जाईल आणि गावात वाईट होशील ते वेगळंच. पुढाऱ्यांना नावं ठेवून काय करतोस, लोकांनाच जाब नकोय. २०१९ आठव की. आपल्याच जिल्ह्यातले गोकाक, अथणी, कागवाड, तिन्हीकडचे आमदार आपल्या पक्षाची साथ सोडून गेले, बेंगळुरातलं सरकार पडलं, सभापतींनी अपात्र ठरवलं, सुप्रीम कोर्टानं अपात्रता कायम ठेवली पण परत लढायला मोकळीक दिली, आणि डिसेंबरात पोटनिवडणूक लागली तर तिघंही दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर धडाधड निवडून आले. मतदारानं काय शिक्षा दिली? हार घातला.

नोटाचं बटण २०१३ पासून आहे, पण आमदारकीला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतोय, मग बटण कशाला ठेवलंय, बोटाला व्यायाम म्हणून? लोकायुक्त म्हणशील तर त्यांची ताकद २०१६ ला काढून एसीबी, म्हणजे सरकारच्या हातातलं लाचलुचपत खातं, केली, २०२२ ला हायकोर्टानं एसीबीच रद्द केली आणि सगळं परत लोकायुक्तांकडं. मधली सहा वर्षं कुणाची?

निवडणूक आली की कुकर, मिक्सर, साडी, शेवटच्या रात्री पाकीट. घेणारे आपणच न्हवं? ज्यानं घेतलं तो कुठल्या तोंडानं विचारणार.

अथणीवाला:

शहापूरवाले, अर्धीच गोष्ट सांगितली की तुम्ही. २०२३ ला अथणी आणि कागवाड दोन्हीकडं त्याच लोकांनी त्याच उमेदवारांना घरी बसवलं, अथणीत तर पाऊण लाख मतांच्या फरकानं. गोकाकात नाही, ते मान्य.

आता पक्ष बदलला म्हणून पाडलं काय, तर तसं छाती ठोकून मी सांगणार नाही, कारण समोरून जे जिंकले ते पण पक्ष बदललेलेच होते. हसू येतंय ना. पण आमच्याकडं प्रचारात फिरणाऱ्यांना विचारा, लोक दारात थांबवून बोलत होते, कामाचं बोलत होते, पाण्याचं बोलत होते. लोकांच्या लक्षात राहतं. फक्त त्यांची वेळ पाच वर्षांनी येते आणि तोवर राग कुठं ठेवायचा ते कुणाला माहीत नाही, मग तो कट्ट्यावर "सगळे सारखेच" होऊन बाहेर पडतो. आणि पुढाऱ्याला ह्यापेक्षा सोयीचं वाक्य दुसरं कुठलं असणार हो? सगळेच चोर म्हटलं की ह्या एकानं नेमकं काय खाल्लं ते कुणी विचारतच नाही.

पाकिटाचं म्हणाल तर, घेतलेल्यानं विचारू नये हे कुठनं आलं? रस्ता टॅक्सच्या पैशातनं होतोय, पाकिटातनं नाही.

हिशेबनीस:

जांबोटीकर, सरकारी कामांच्या बिलांशी माझा नोकरीत बरीच वर्षं संबंध आला, कुठं ते सोडा. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, मोठं होईल.

पहिलं म्हणजे काम कुणाचं ते शोधा. आपल्याकडं गटारीसाठी आमदाराला धरतात आणि हायवेसाठी नगरसेवकाला, मग दोघंही आनंदानं हात झटकतात. कर्नाटकात आमदारांना स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटी, तो डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसमार्फत खर्च होतो. खासदारांचा ५ कोटी. एवढाच पैसा त्यांच्या शब्दावर फिरतो. बाकी "साहेबांच्या प्रयत्नातून" असे जे बॅनर लागतात ते बहुतेक खात्याचं बजेट असतं, ह्यांनी नारळ फोडलेला असतो. जलजीवन ही २०१९ ची केंद्राची योजना, निम्मा पैसा राज्याचा, इथं तिला मने मनेगे गंगे म्हणतात, २०२४ पर्यंत घरोघर नळ द्यायचा होता, आता मुदत २०२८ पर्यंत वाढवलीय. म्हणजे तुमच्या नळातलं वारं अजून अधिकृतपणे मुदतीतच आहे.

दुसरं, प्रश्न बारीक करा. "आमच्या गावाचा विकास का नाही" असं विचारलं की पुढारी तासभर बोलतो आणि टाळ्या घेऊन जातो. "आमच्या गल्लीत अमुक मीटर पाइप टाकली, रस्ता कापला तो पूर्ववत करायचं एस्टिमेटमध्ये धरलं होतं काय, धरलं असेल तर त्याचं बिल निघालं काय, कुठल्या तारखेला" असं विचारलं की तोच माणूस पाणी मागतो. पाइपलाइनच्या एस्टिमेटमध्ये रस्ता दुरुस्ती बहुतेक वेळा धरलेली असते. बिल काढताना एमबीमध्ये, म्हणजे मोजमापाच्या वहीत, इंजिनिअरनं लांबी रुंदी लिहून सही केलेली असते. तुमच्या गल्लीत न झालेलं काम त्या वहीत झालेलं असलं तर पुढं बोलायची गरजच नाही, ती सही कुणाची आहे ते वाचून दाखवायचं. नसेल तर बिल अजून अडकलेलं असेल आणि कंत्राटदाराला तुमच्या तक्रारीची भीती वाटेल, ते पण चांगलंच.

हा कागद माहिती अधिकारात मिळतो. दहा रुपये फी, बीपीएल कार्ड असेल तर ती पण नाही, झेरॉक्सला पानाला दोन रुपये. कर्नाटकात एक मेख आहे, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. लोक चार पानी कैफियत लिहितात, गावाचा इतिहास, पुढाऱ्याचं चारित्र्य, आणि तो नेमका ह्याच कारणानं परत येतो. ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, पंचायतीचा विषय असेल तर तालुका पंचायतीच्या ईओंकडं, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्यांकडं, आणि तिथंही काही नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडं. शेवटची पायरी रखडते, खोटी आशा दाखवत नाही. पण पहिल्या अपिलाची नोटीस आली की बऱ्याच ठिकाणी फाइल सापडते असा माझा अनुभव. ह्याच कायद्यात काम प्रत्यक्ष जाऊन बघायचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना मागायचाही हक्क आहे, तो कुणी वापरतच नाही.

तिसरं, पंचायतीचा पैसा ई-ग्रामस्वराजच्या साइटवर दिसतो, वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च टाकला ते मोबाइलवर बघा. आणि जमाबंदी म्हणून एक प्रकार असतो, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, मागच्या वर्षीचा हिशेब लोकांसमोर वाचायचा आणि कामं जागेवर जाऊन तपासायची. किती गावात होतो आणि किती गावात फक्त चहा होतो ते तुम्हीच विचारून बघा.

जाता जाता एक. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीची मुदत २०२१ ला संपली आणि त्यानंतर निवडणूक वर्षानुवर्षं लांबवत नेली, अधिकारीच कारभार बघणार. गाव आणि आमदार ह्यांच्या मधली पायरीच काढून टाकली आणि कट्ट्यावर त्याबद्दल कुणाला चीड आलेली मी बघितली नाही. रागच यायचा तर ह्यावर यायला पाहिजे.

शहापूरचा वैतागलेला:

अण्णा सगळं बरोबर आहे हो, पण १५० शब्द लिहून येणारं उत्तर कन्नडमधनं येणार, ते वाचणार कोण, माझा बाप?

सीमाभागातला:

इथंच येतो खरा मुद्दा आणि म्हणून त्या मामांची चेष्टा करू नका कुणी. १९५६ पासून तीन पिढ्या गेल्यात ह्यात, १७ जानेवारीला हुतात्म्यांच्या फोटोसमोर उभं राहणारी माणसं काय रस्त्याच्या डांबरासाठी उभी राहत नाहीत. पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, उतारा कन्नडमध्ये, ठराव कन्नडमध्ये. ज्याला कागदच वाचता येत नाही तो जाब काय विचारणार? जिथं १५ टक्क्यांच्या वर दुसऱ्या भाषेची माणसं आहेत तिथं महत्त्वाचे नियम, नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात असं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या तरतुदींत ठरलेलं आहे, अंमल शून्य. म्हणजे भाषेचा प्रश्न आणि हिशेबाचा प्रश्न वेगळे नाहीतच.

आणि आमची माणसं आंधळी आहेत असंही समजू नका. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला गटबाजी, काही ठिकाणी समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर, लोकांनी शून्यावर आणलं. २०२३ ला परत शून्य. मराठी माणूस संपला म्हणून लगेच लेख आले, पण मधे एप्रिल २०२१ ला लोकसभेची पोटनिवडणूक झाली तिथं समितीच्या एका तरुण उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली, आणि जिंकलेला आणि हरलेला ह्यांच्यात फरक होता साधारण पाच हजारांचा. मग त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिका पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर झाली तर ५८ पैकी ३५ भाजपचे. त्याच शहरातली माणसं, पाच महिन्यांत. जाब विचारला नाही म्हणता, हा काय होता मग? आमच्याच नेत्यांना विचारलेला.

अथणीवाला:

सीमाभागातले, मुद्दा पटतोय पण एक विचारू काय, राग मानू नका. २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा घातला तो अजून लोंबकळतोय. तो लागेपर्यंत जांबोटीकरांनी त्या चरीतनं गाडी घालायची काय? दाव्यात ८६५ गावं आहेत म्हणून दोन्ही राज्यांचे पुढारी भाषणात आकडा सांगतात, त्यातल्या एका गावात नळाला पाणी येतंय काय हे विचारायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागत नाही. उलट ज्याला हा प्रश्न विचारायचा नाही तोच मोठ्या प्रश्नाच्या आड जाऊन बसतोय, तिकडचा पण आणि इकडचा पण.

सीमाभागातला:

आड बसणारे आहेत, नाही कुठं म्हणतोय. पण ते बसलेत म्हणून प्रश्न खोटा होत नाही एवढंच. बाकी राग नाही.

निपाणीची सून:

मी जरा वेगळं सांगते. कायद्यानं सहा महिन्यातनं एकदा तरी ग्रामसभा घ्यावीच लागते. आमच्या गावात ती व्हायची, पण वहीत. शिपाई वही घेऊन घरोघरी सह्यांना फिरायचा, बायका चुलीपुढनं उठून हात पुसत सही करायच्या. एकदा आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या एकीनं सही करताना मागची पानं उलटली तर मागच्या सभेला तिच्या सासूची हजेरी, सहीसकट. सासू त्याच्या आधीच वारलेली आणि जिवंत असताना पण अंगठाच करायची. ती वही हातात घेऊन जी बसली ती सोडेचना, शिपाई बिचारा रडकुंडीला आला, त्याचा काय दोष.

पुढच्या सभेला आम्ही संघातल्या बायका मिळून गेलो, एकटी कुणी नाही गेली हे मुद्दाम सांगते. दादा तुम्ही विचारलं ना एकट्यानं केलं तर चालेल काय, माझं उत्तर आहे की कागद एकट्यानं मागा पण सभेत एकटे उभं राहू नका. आम्ही दोनच गोष्टी विचारल्या, उन्हाळ्यातल्या टँकरची बिलं वाचून दाखवा आणि टँकर कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत आला ते सांगा. बिलं वाचली. कुठल्या गल्लीत आला ते सांगता येईना, कारण आमच्यातली प्रत्येक बाई आपापल्या गल्लीचं सांगायला तिथं बसलेलीच होती. आरडाओरडा नाही झाला काही. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, नवीन होते, त्यांनी ठरावात लिहून घेतलं, आम्ही लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं, मगच सह्या केल्या.

झालं काय? त्यानंतरच्या उन्हाळ्यात टँकरला वही आली, गल्लीतल्या एका बाईची सही घेतल्याशिवाय फेरी धरायची नाही. टाकीचं काम अजून तसंच पडलंय. माझ्या घरच्यांना दुकानात चारचौघांत ऐकवलं गेलं, तुमची बायको फार पुढारी झाली म्हणून. बायकांना महिन्याला पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेतनं नाव उडेल म्हणून दोघी-तिघींना घाबरवलं, ते काय सदस्याच्या हातात नसतं, पण नवीन कुणाला माहीत असतं? हे पण धरून चाला.

आमच्या निपाणीनं १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवून धरलेला, गोळीबार झाला, माणसं गेली. घरातली म्हातारी अजून सांगतात. आणि त्यांचीच नातवंडं आता टँकरची वही मागायला लाजतात, ह्याचं मला नवल वाटतं.

हिशेबनीस:

ताई, ती फेरीला सही घ्यायची युक्ती नामी आहे, मी कुठल्या सरकारी परिपत्रकात वाचली नाही.

शहापूरवाल्यांच्या कन्नडबद्दल. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा तिथल्या राजभाषेत देता येतो, कायद्यातच आहे. म्हणजे मराठीत नाही चालणार पण साध्या हिंदीत लिहिला तर तो ह्याच कारणानं नाकारता येत नाही. लिहिताच येत नसेल तर अधिकाऱ्यानं मदत करून लिहून घ्यायचं असतं. उत्तर कन्नडमधनं येईल हे खरं. त्याला उपाय आपल्या घरातच आहे, आपली पोरं मराठी शाळेत गेली तरी कन्नड विषय शिकलीत, आणि एमबीमध्ये शब्द कमी आकडेच जास्त असतात. मीटर कुठल्याही भाषेत मीटरच.

शहापूरचा वैतागलेला:

बघा ब्वा. माझं मत बदललेलं नाही, पण करूलालाय तर कर, मी अडवणार कोण. फक्त निवडणुकीच्या तोंडावर करू नकोस, समोरच्या पार्टीचा माणूस म्हणून शिक्का बसला की संपलं, मग खरं बोललास तरी कुणी ऐकणार नाही. हे मी बघितलंय आमच्या वॉर्डात.

अथणीवाला:

ह्या एका गोष्टीला माझं पण अनुमोदन. आणि अर्जात पुढाऱ्याचं नाव अजिबात घालू नका. काम, जागा, तारीख, बिल. नाव कागदातनं आपोआप बाहेर येतंय.

जांबोटीकडचा:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी टेप घेऊन चर मोजली, शेजारच्या पोरानं दुसरं टोक धरलं, कट्ट्यावरचे बघत होते, एकानं विचारलं सुद्धा काय जागा घेतलास काय रे. खांबाचा फोटो पण काढला, रेडकासकट.

आता एकच अडचण. अर्ज पीडीओंना द्यायचा का? सदस्य म्हणतो ते काम पंचायतीचं नाहीच, म्हणजे एमबी त्यांच्याकडं नसणार. मग चुकीच्या ऑफिसात दिला म्हणून फेकून दिला तर?

हिशेबनीस:

जलजीवनचं काम ग्रामीण पाणीपुरवठा खात्याकडनं होतं, एमबी त्यांच्या इंजिनिअरकडं. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचं ऑफिस असतं, तिथंच द्या. पण चुकून पंचायतीत दिला तरी फेकून देता येत नाही, ५ दिवसांत योग्य ऑफिसकडं पाठवून तुम्हाला तसं कळवायचं असतं, तेही कायद्यात आहे. पंचायतीला वेगळा अर्ज करा, त्यात एवढंच विचारा की ही योजना पंचायतीनं ताब्यात घेतली काय, घेतली असेल तर कुठल्या ठरावानं आणि कुठल्या तारखेला. वारं येणारा नळ कुणी सही करून ताब्यात घेतला ते त्यात निघेल. दोन्हीकडं अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख पडल्याशिवाय टेबल सोडू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणतील, बसून राहा.